तयार विमानवाल्यांना उत्तर

बाल्साच्या काड्या चिकटवून, त्यांवर टिश्यू कागद ताणून, रबराच्या पिळावर उडणारं विमान बांधणारा माणूस हा आता कीव करण्याचा विषय झाला आहे. कीव करणारे सभ्य असतात. आधी कौतुक करतात. ‘काय नाजूक काम आहे हो!’ म्हणत सांगाडा दिव्यासमोर धरून बघतात, आणि मग हळूच मुद्द्यावर येतात. महिनाभर डोळे फोडायचे आणि पहिल्याच उड्डाणात चुराडा! त्यापेक्षा फोमचं तयार विमान का घेत नाही? खोक्यातून काढलं, बॅटरी लावली, उडवलं. मुलांना काही शिकवायचं असेल तर ड्रोन आहे, कोडिंग आहे. बाल्सा तर इकडे धड मिळतही नाही. शेवटी हे सगळं तुमच्या पिढीचं आठवणींत रमणं आहे. त्याचा काळ गेला.

हे मत इतक्या शहाण्या माणसांकडून, इतक्या तंतोतंत त्याच शब्दांत ऐकू येतं की त्यांपैकी कुणीही ते तपासून पाहिलेलं नाही याची खात्रीच पटते. तेव्हा आपणच तपासू.

‘नाजूक’पासून सुरुवात करू, कारण तो शब्द या मंडळींना फार आवडतो. दीड-दोन फूट पंखांचं, रबरावर उडणारं विमान वजनाला २० ते ३० ग्रॅम भरतं आणि सेकंदाला तीन-चार मीटर वेगाने उडतं. म्हणजे आपण रमतगमत पळालो तरी त्याच्या बरोबरीने राहू. फोमचं रिमोटवरचं विमान ७०० ग्रॅमचं धरा आणि वेग सेकंदाला १५ मीटर. गतिज ऊर्जेचं सूत्र शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं: वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याच्या निम्मं. २० ग्रॅम आणि ४ मीटर घालून पाहा, उत्तर येतं ०.१६ ज्यूल. ७०० ग्रॅम आणि १५ मीटर घाला, ७९ ज्यूल. जवळजवळ पाचशेपट. आता सांगा, दोन्ही विमानं बाभळीच्या झाडावर आदळली तर कुणाचं काय होईल? कागदी विमान फांद्यांत जाऊन बसतं. कागदाला भोक पडतं, फार तर एखादी काडी मोडते. फोमच्या विमानाचं नाक चेपतं, मोटर उखडून येते, आणि झाडाच्या जागी माणूस असला तर पुढचं न बोललेलंच बरं. ज्याला बोटाने दाबून भोक पाडता येतं ते दुबळं, ही परीक्षा भाजी घेताना ठीक आहे. विमानाला बोटाशी झुंजायचं नसतं. स्वतःच्या वजनाने, स्वतःच्या वेगाने ते जमिनीवर येतं तेव्हा ते टिकतं का, एवढाच प्रश्न असतो, आणि त्या प्रश्नाला काड्या-कागदाचं उत्तर फोमपेक्षा चांगलं आहे.

बरं, मोडलं तर? मोडलेल्या काडीशेजारी नवी काडी चिकटते. भोकाभोवतीचा कागद चौकोनी कापून त्यावर त्याच कागदाचा तुकडा बसतो. संध्याकाळी मोडलेलं विमान सकाळी मैदानावर असतं, कारण ज्याने ते बांधलं त्याला आत काय आहे हे ठाऊक असतं. तयार विमानाचा मालक मात्र मोडक्या शेपटीचा फोटो काढतो आणि सुटा भाग कुठे मिळेल याची चौकशी करत फिरतो.

आता तो महिना. हा महिना कुठून आला, हे मला माहीत आहे. तो डब्यावरच्या चित्रातून आला. नवशिक्या माणूस दुकानात जातो आणि स्पिटफायर उचलतो, नाहीतर मस्टँग. दुसऱ्या महायुद्धातलं, खाली पंख असलेलं, मोहक वळणांचं लढाऊ विमान, ज्याच्या धडाला सरळ म्हणावी अशी एक रेघ नाही. मग तो महिनाभर झगडतो, त्यावर प्लॅस्टिकचे भाग, जाड रंग आणि चिन्हांचे स्टिकर चढवतो, आणि ते दगडासारखं खाली आल्यावर जाहीर करतो की ही विमानं उडत नाहीत. पोहायला शिकायचं म्हणून कुणी आधी समुद्रात उडी घेतली असती तर आपण त्याला चार शब्द सुनावले असते. इथे मात्र दोष पाण्याचा!

एका काडीचं धड, वर सपाट पंख, मागे साधं शेपूट असं विमान एका रविवारी बांधून होतं. नंतर पायपर कबसारखं, पंख वर असलेलं, खोक्यासारख्या धडाचं विमान घ्यावं. आणि डब्यातलं लाकूड आधी तराजूवर घालावं, ही गोष्ट डब्यावर लिहिलेली नसते. बाल्सा हे एकच लाकूड नव्हे. तीन इंच रुंद, तीन फूट लांब, इंचाचा सोळावा भाग जाड अशा दोन फळ्या शेजारी ठेवा. दिसायला जुळ्या बहिणी. एक ११ ग्रॅमची असेल, दुसरी २१ ग्रॅमची. हलकी शेपटीला आणि फासळ्यांना, जड पंखाच्या मुख्य पट्टीला. फळी खोडातून कशी कापली आहे यावर ती वाकणार की ताठ राहणार हे ठरतं, म्हणून गोल धडावर गुंडाळायची फळी वेगळी आणि फासळ्यांची वेगळी. हे ज्याने पाहिलं नाही त्याचं विमान पडतं, आणि पडलंच पाहिजे.

पण या मंडळींचं अज्ञान सगळ्यात उघडं पडतं ते कागदाच्या बाबतीत. त्यांच्या लेखी कागद म्हणजे सांगाड्यावरचं पांघरूण. आतल्या काड्या झाकायला आणि लाल-पिवळं दिसायला. त्यांना मी एक प्रयोग सुचवतो. कागद न लावलेला पंख दोन्ही टोकांना धरून हलकेच पिळा. तो निमूट पिळला जाईल. मग त्याला वरून-खालून कागद लावा, पाणी फवारा, सुकू द्या, पातळ डोपचे (कागद घट्ट करणाऱ्या, आक्रसणाऱ्या रोगणाचे) दोन हात द्या आणि पुन्हा पिळून पाहा. तो आता हटून बसतो. दीड फुटी पंखाला दोन्ही बाजूंनी मिळून ग्रॅम-दीड ग्रॅम कागद लागतो. एवढ्याशा वजनात हा ताठपणा आला कुठून? पंख पिळायला गेलं की कागदावर तिरका ताण येतो. दाबाला कागद लगेच सुरकुततो, पण ताणाला भलताच खंबीर असतो. आधीच ताणून बसवलेला असला की तो पंखाला पिळू देत नाही. कवचाने भार वाहायचा हे तत्त्व आजच्या प्रवासी विमानांत आहे. तिथे त्याला अभियांत्रिकी म्हणतात. जेवणाच्या टेबलावर तेच घडलं की ‘नाजूक काम’!

आणि हा ताण आपोआप येत नाही. टिश्यूला तंतूंची दिशा असते. कोपऱ्यात फाडून बघायचं. ज्या दिशेने सरळ फाटतो ती दिशा पंखाच्या लांबीला ठेवायची. आडवी पडली तर कागद दोन फासळ्यांच्या मध्ये जास्त बसतो आणि पंखाचा छेदच बदलतो, म्हणजे तुम्ही आराखड्यातला पंख बांधलेलाच नाही. वरच्या बाजूला कागद फक्त कडांना चिकटवायचा. खालची बाजू आत वळलेली असेल तर मात्र प्रत्येक फासळीला, नाहीतर आक्रसताना तो सरळ होऊन सुटून येतो. पंखाच्या गोल टोकाला एकच तुकडा ओढूनताणून बसवायला गेलात तर चुण्या पडणारच. तिथे वेगळा तुकडा लावतात. पाणी फवारल्यावर कागद आधी ढिला पडून लोंबतो आणि नवशिक्याचा जीव टांगणीला लागतो. मग तो सुकत जातो, ताणत जातो, आणि टिचकी मारली तर तबल्याच्या चाटेसारखा बोलतो.

हे सगळं होत असताना पंख पाटावर टाचण्यांनी दाबून ठेवलेला असतो. मोकळा सोडला तर एका बाजूचा ताण दुसऱ्या बाजूवर मात करतो आणि पंख वाकडा होतो. तेही पूर्ण सपाट नव्हे. दोन्ही टोकांच्या मागच्या कडेखाली दोन-तीन मिलिमीटरची पट्टी सरकवून ती कड मुद्दाम उचललेली असते. का? तर वेग मंदावला की पंखाच्या टोकांनी आधी हात टेकू नयेत, विमान एका अंगावर कोसळू नये म्हणून. डोप आठवड्यांमागून आठवडे आक्रसत राहतो आणि बारीक काड्या धनुष्यासारख्या वाकवतो; त्यावर उतारा म्हणून त्यात एरंडेलाचे थेंब घालतात. एवढं झाल्यावरही पंखात पीळ उरलाच तर वाफेवर धरून, उलटा पीळ देऊन थंड होईपर्यंत तसाच धरायचा. ज्याला हे पांघरूण वाटतं त्याने खुशाल पांघरावं.

आता शिक्षणाकडे येऊ, कारण पालकवर्गाला या मुद्द्यात फार दम वाटतो. शाळेने ड्रोन घेतला की शाळा आधुनिक झाली. मुलगा रिमोटची दांडी पुढे ढकलतो, ड्रोन पुढे जातो, आईबाबा व्हिडिओ काढतात. त्या मुलाला उड्डाणाविषयी काय कळलं? ड्रोनमधला नियंत्रक सेकंदाला शेकडो वेळा कल मोजतो आणि चारही मोटरी कमीजास्त करून तो दुरुस्त करतो. मुलाची चूक जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच पुसली जाते. तो नियंत्रक ज्याने लिहिला त्याला खूप कळलं असेल, यात वाद नाही. तो मुलगा आपल्या शाळेतला नव्हता, एवढंच.

उलट रबराच्या विमानात ते हातातून सुटलं की तुमचा अधिकार संपला. जे काय सांगायचं ते आधी सांगून ठेवावं लागतं. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहे का? नसला तर नाकात मातीची गोळी. उंच गवतावर नुसतं तरंगत सोडलं तर नाक खाली घालतंय की वर उचलून थबकतंय? शेपटीखाली पोस्टकार्डाची बारीक पट्टी घाला, नाहीतर काढा. मग शंभर पीळ भरा. रबर पंखा एका बाजूला फिरवतो, म्हणून विमान दुसऱ्या बाजूला कलतं आणि डावीकडे वळत जमिनीत घुसतं. तेव्हा पंख्याचा रोख अंश-दोन अंश उजवीकडे आणि थोडा खाली वळवावा लागतो. दोनशे पीळ भरले की सुरुवातीचा जोर वाढतो आणि सगळं पुन्हा तपासावं लागतं. न्यूटनचा तिसरा नियम नववीच्या पुस्तकात सगळ्यांना मिळतो. तो डावीकडे वळताना बघायचा असेल तर यापेक्षा स्वस्त प्रयोगशाळा कुणी दाखवावी.

‘पण यातून पुढे काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी पॉल मॅकक्रेडी यांचं उदाहरण पुरेसं आहे. माणसाच्या स्वतःच्या ताकदीवर, आठाच्या आकाराच्या मार्गावर उडणाऱ्या विमानासाठी हेन्री क्रेमर यांनी १९५९ मध्ये बक्षीस जाहीर केलं. जाणत्या विमान-अभियंत्यांच्या तुकड्या त्यामागे लागल्या, देखणी विमानं बांधली. ती मोडली की दुरुस्तीला महिने जात. मॅकक्रेडी लहानपणापासून विमानांचे नमुने बांधून स्पर्धा जिंकणारा माणूस. त्यांनी २९ मीटर पंखांचं, अवघं ३२ किलो वजनाचं, नळ्या, तारा आणि पातळ पारदर्शक पडद्याचं ‘गॉसमर काँडॉर’ बांधलं. बंद सभागृहात उडणारं काड्यांचं विमान प्रचंड मोठं केलं तर जे होईल ते. पडलं की चिकटवायचं, बदलायचं, पुन्हा उडवायचं. २३ ऑगस्ट १९७७ रोजी त्याने ते पन्नास हजार पौंडांचं बक्षीस जिंकलं. दोन वर्षांनी त्याच घराण्यातलं ‘गॉसमर अल्बट्रॉस’ इंग्लिश खाडी ओलांडून गेलं. तो सगळा पोरखेळ म्हणायचा काय?

आणि आठवणींत रमण्याचा आरोप तर गमतीचाच आहे. १८७१ साली पॅरिसच्या त्युइलरी बागेत आल्फोन्स पेनो याने रबराच्या पिळावरचं विमान ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर उडवलं. पंखांची टोकं वर उचललेली, मागे किंचित खाली कललेलं शेपूट. विमानाने स्वतःला सावरावं कसं, हा प्रश्न त्याने माणूस आत बसवायच्या आधी सोडवला होता. १८७८ मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी मुलांना आणून दिलेलं उडतं खेळणं पेनोच्याच धर्तीचं, तेही रबरावर चालणारं. जुनं म्हणून हे टाकून द्यायचं असेल तर उतरंडीत त्याच्या वर जे जे आहे तेही टाकावं लागेल, तुमच्या फोमच्या विमानाच्या शेपटीसकट. शिवाय हा काळ गेला म्हणणाऱ्यांनी बंदिस्त जागेतल्या जागतिक स्पर्धा बघाव्यात. तिथल्या एफ१डी वर्गात १.४ ग्रॅमची विमानं (काड्या बाल्साच्या, आवरण मात्र कागदापेक्षाही पातळ पडद्याचं) रबराच्या पिळावर वीस मिनिटांच्या वर हवेत राहतात. रुमेनियात ती मिठाच्या खाणीत उडवतात. तुमच्या ड्रोनची बॅटरी तेवढा वेळ टिकते का, हे मी विचारणार नाही. विचारलं, असं समजा.

राहिलं साहित्य. बाल्सा इक्वेडोरहून येतं, म्हणून हे परदेशी चोचले! तयार विमान बहुधा चीनहून येतं, त्याला मात्र परदेशी म्हणायचं नाही. बाल्सा सगळ्या गावांत मिळत नाही, महाग पडतं, हे खरं. पण दर दिवाळीला बांबूच्या कामट्या तासून, दोऱ्याने बांधून, वर पातळ कागद ताणून आकाशकंदील करणाऱ्या मुलखात काड्या आणि कागद मिळत नाहीत अशी तक्रार? कामटी बाल्सापेक्षा जड आहे, पण ती बारीक तासता येते आणि गरम करून वाकवता येते. पतंगाचा कागद ओला केला की रंग सोडतो, म्हणून पांढरा घ्यावा. रबर चांगलं लागतं, तेवढ्यावर पैसे खर्चावेत. एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग आजही आहे. गावागावांतल्या छात्रांना विमानाचे नमुने बांधायला लावणारी ही व्यवस्था कुणाच्या आठवणीत रमण्यासाठी उभी केलेली नाही.

आणि विमानाचं प्रेम आपल्याकडे कमी आहे असंही नाही. १८९५ साली चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलं ही कथा सांगताना मराठी माणसाचा आवाज चढतो. ‘वैमानिक शास्त्र’ नावाच्या पोथीतली विमानं उडू शकणार नाहीत, असा निष्कर्ष बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये गणित मांडून काढला, हे सांगताना मात्र तो खाली येतो. त्या वादात मला शिरायचं नाही. माझं म्हणणं इतकंच की त्यावर हिरिरीने बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी २० ग्रॅमचं का होईना, एक विमान बांधून आपल्या हाताने हवेत सोडलं आहे? सोडलं असतं तर पोथीतलं चित्र बघून पहिला प्रश्न सुचला असता: याचा गुरुत्वमध्य कुठे?

विरोधकांवर इतका वेळ घालवला, पण या छंदाचं सगळ्यात जास्त नुकसान त्याच्या पाठीराख्यांनी केलं आहे. ‘यातून संयम शिकायला मिळतो.’ ‘मुलं मोबाइलपासून दूर राहतात.’ ‘ध्यान केल्यासारखं वाटतं.’ संयमच शिकवायचा असेल तर तांदूळ निवडायला बसवा! या कौतुकाने काड्या-कागदाचं विमान जपमाळेच्या रांगेत नेऊन ठेवलं आणि समोरच्याला आयतं सांगून टाकलं की याचं उडण्याशी काही देणंघेणं नाही. आणखी एक जमात शुद्धतावाद्यांची. लेझरने कापलेल्या फासळ्या म्हणजे फसवणूक, म्हणे. पूर्वीच्या डब्यांत फासळ्या साच्याने ठोकून कापलेल्या असत आणि कित्येकदा कापण्याऐवजी चिरडलेल्याच मिळत. त्या आठवणीने कुणाला गहिवरून येत असेल तर येवो. लेझरने फासळी अचूक होते. तिचं लाकूड हलकं आहे का, कागद कसा ताणायचा, टोकाची कड किती उचलायची, हे लेझर सांगत नाही. अवघड भाग जागच्या जागी आहे.

मी बाल्सा-कागदाच्या बाजूने बोलतो ते उड्डाणासाठी. विमान स्वतःच्या आकाराने, स्वतःच्या वजनाने, स्वतःच्या पिळाने हवेत टिकतं की टिकत नाही, हे बघण्याची दुसरी इतकी सोपी जागा मला माहीत नाही. ज्यांना हे अजून म्हाताऱ्यांचं काम वाटतं त्यांनी आपलं तयार विमान घेऊन मोकळ्या मैदानावर यावं. स्थिर ठेवणारी चिप काढावी, रेडिओ बंद करावा, मोटर चालू करावी आणि विमान हातातून सोडून द्यावं. मी माझं सोडतो, दोनशे पीळ भरून. मग दोघंही हात मागे बांधून उभे राहू आणि कुणाचं विमान किती सेकंद हवेत राहतं ते मोजू. घड्याळ तुमचंच चालेल.